नागोरावांचा राहिलेला दुसरा भाग

गेल्या उन्हाळ्यात तामसीकडच्या एका लग्नाची चित्रफीत पाहण्याचा योग आला. योग म्हणजे सुटका नव्हती. जेवण झालं होतं, पाहुण्यांच्या घरात धड चालणारा कूलर एकच होता आणि तो टीव्हीच्या खोलीत होता. पडद्यावर आधी गणपती आला, मग गुलाबाच्या पाकळ्या, मग 'ज्यांचे आशीर्वाद आमच्या पाठीशी' या मथळ्याखाली दोन्ही घरांतली दिवंगत मंडळी एकेक करून ढगांतून बाहेर येऊ लागली. नवऱ्याचे आजोबा, नवरीची आत्या, कुणी थोरले काका. सगळ्यांत शेवटी फोटोच्या जागी नुसती पणती आली आणि तिच्याखाली नाव आलं : कै. पुंजाराम वाठोरे.

"हे कोन?" नवऱ्याच्या मामांनी विचारलं.

"तुमच्याकडचे असतीन," नवरीचे वडील म्हणाले.

"आमच्याकडं वाठोरे कोठून आले?"

आडनावावरून माणसाचा मोहल्ला ओळखायची विद्या आमच्या जिल्ह्यात मुळाक्षरांच्या आधी येते. दोन्हीकडच्यांनी मनातल्या मनात सोयरिकी तपासून पाहिल्या असाव्यात. पण मेलेल्या माणसाचं नाव काढून टाका असं कोण म्हणणार, आणि तेही लग्नाच्या फितीतून. शेवटी मामांनीच तोड काढली. "असन कोनी. आशीर्वादच देऊन राह्यला ना बिचारा, आहेर त नाही मांगत." सगळे हसले आणि हळद सुरू झाली.

पुंजाराम वाठोरे कोण ते मला ठाऊक होतं. तो दोन्हींपैकी कुणाकडचाच नव्हता. त्याला त्या ढगांत बसवणारे नागोराव ढोके जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा मुलगा लग्नांत ड्रोन उडवतो, पण नावांचा साचा वडिलांचाच वापरतो. त्याला मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "पप्पांच्या टेम्प्लेटात हाय, सर. काढलं की बाकीचे फोटो सरकतात." कारण म्हणून हे काही वाईट नाही. देशातल्या बऱ्याच स्मारकांना उभं राहायला याहून बळकट कारण नसतं.

नागोरावांचा स्टुडिओ आदिलाबादेत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत होता. त्याच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत असे. कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि संध्याकाळी खाली उतरून नागोरावांशी वाद घालायचा, असा माझा बरीच वर्षं नेम होता. बुटका, पोट सुटलेला माणूस. अंगात बारा महिने सफारी. तिच्या एका खिशात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि दुसऱ्यात सुपारी, आणि घाईत एकीच्या ठिकाणी दुसरी हाताला लागली की त्यांचा दिवस खराब जाई. कॅमेऱ्याला डोळा लावून लावून त्यांचा डावा डोळा कायमचा अर्धा मिटलेला होता. त्यामुळे ते साधी चौकशी करत असले तरी समोरच्याला वाटे, आपल्यावर नेम धरून पाहत आहेत.

त्यांची खरी खासियत चालण्यात होती. वरातीपुढे उलटं चालत शूटिंग करण्यात जन्म गेलेला. त्यामुळे गल्लीत कुणी भेटलं, की ते त्याच्या बाजूने चालायच्या ऐवजी समोर होत आणि बोलत बोलत मागे मागे चालू लागत. मागून येणारी म्हैस, रिक्षा, उघडं गटार, काहीही त्यांना न पाहता चुकवता येई. सरळ चालताना मात्र ते दोनदा पडले होते.

"नागोराव, तोंड तिकडं करा, धडकान," असं कुणी म्हटलं तर म्हणत, "मांगं काय हाय ते माहीत असते. पुढचंच कोनाले माहीत नाही."

धंद्यात त्यांचा एकच नियम होता : सुटलं नाही पाहिजे कोणी. त्यामागे एक दुखणं होतं. तरुणपणी बेल्याच्या एका लग्नात नवरीचे फुफा, म्हणजे आत्याचे यजमान, त्यांच्या फितीत यायचे राहून गेले. फुफा पंगतीला वाढत होते, नागोराव मांडवात होते, चुकामूक झाली. फीत पाहून फुफांना असं लागलं, की त्यांनी त्या घरी येणं बंद केलं. पुढे त्यांच्या मयताला नवरीकडचे गेले, तर तिथेही कुणीतरी फितीचा विषय काढलाच. तेव्हापासून मंगलाष्टकांच्या आधी नागोराव मांडवभर फिरत. एकेका माणसापुढे कॅमेरा धरून म्हणत, "नाव सांगा. गाव सांगा. हसा थोडं." वाजंत्रीवाले, आचारी, मांडव घालणारे, बांगड्या भरणारी बाई, सगळे. फितीत नवरा-नवरीला आपल्याच लग्नात यायला बराच उशीर होई. लोक चिडत आणि पुढच्या लग्नाला पुन्हा नागोरावांनाच बोलावत.

पण त्यांचा जीव लग्नांत नव्हता. त्यांचा जीव होता माहितीपटांत. लहानपणी बेल्याच्या बाजारात सरकारी सिनेमाची गाडी येत असे. कुठे पूर आलाय, कुठे दुष्काळ पडलाय, लोक गाठोडी घेऊन चालताहेत, मग जवान येतात, धान्याची पोती उतरतात, आणि शेवटी झेंडा फडकतो. हे पाहून इतर पोरं शेंगदाणे खाऊन घरी जात. नागोराव गेलेच नाहीत म्हणायचे. मोठेपणी त्यांनी हैदराबादहून, नांदेडहून सीड्या आणून आणून फाळणी, भूकंप, वायुगळती, युद्ध असा सगळा राष्ट्रीय शोक दुकानात जमवला होता. पासपोर्ट फोटोला आलेलं गिऱ्हाईक बाकावर बसून राही आणि हे तिसऱ्यांदा तोच पूल वाहून जाताना बघत.

मला या प्रकाराचा कंटाळा होता. मी म्हणे, "नागोराव, आपल्याकडे शोकांतिका ही घटना नसते, तो एक आवाज असतो. घोगरा. तोच माणूस पुरावर बोलतो, तोच सिमेंटच्या जाहिरातीत."

"आवाज सोडा, सर. मान्सं पहा." ते पडद्यावर बोट ठेवत. "लग्नात मानूस कॅमेऱ्याकडं पाह्यते. दुःखात पाह्यत नाही. पहा, ही बाई पहा. पोरगं गेलं तिचं. कॅमेरा हाय का नाही तिले खबरच नाही. हे खरं शूटिंग. आमी करून राह्यलो ते काय, आहेराची पावती."

"मग करा एखादं."

"इथं काय होते हो, आपल्या इथं?" असं म्हणून ते दुसरी सीडी लावत.

आपल्या इथेही काही झालं होतं, हे त्यांना समितीने कळवलं. बेल्याच्या पुढे पैनगंगेच्या अंगाला टाकळखेड नावाचं गाव आहे. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षात त्या गावात तिरंगा लागला होता. नदीपलीकडे देश स्वतंत्र झालेला, अलीकडे नाही. पलीकडची ज्वारी अलीकडून दिसे, स्वातंत्र्यही तेवढंच दिसे. गावच्या पाटलांनी झेंडा लावला, बंदूकवाले आले, पाटील ओट्यावरच मारले गेले. त्या ओट्यावर आता काळा दगड आहे, दगडावर पाटलांचं नाव आहे आणि पंचायतीच्या खोलीत काचेच्या पेटीत तो झेंडा आहे. झेंडा फारच चांगल्या स्थितीत आहे. त्याच्या कडेची शिलाई मशीनची आहे हे मी एकदा वाकून पाहिलं होतं. पण इतिहासाच्या माणसाने काचेच्या पेटीजवळ फार वाकू नये, हेही मी तेव्हाच शिकलो.

पाटलांचे नातू भाऊसाहेब हे झेंडा स्मृती समितीचे अध्यक्ष. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं, की यंदा झेंड्याच्या दिवशी मोठा कार्यक्रम करायचा आणि माहितीपट दाखवायचा. हैदराबादचा माणूस परवडणारा नव्हता. नागोराव ढोके गावाचे भाचे लागत होते.

महिनाभर नागोराव टाकळखेडात होते. परत आले ते अडीच तासांचा माहितीपट घेऊन. त्यात झेंड्याची गोष्ट होती, नदी होती, ओटा होता, आणि अख्खं गाव एकामागून एक कॅमेऱ्यापुढे येऊन आपलं नाव सांगत होतं आणि हसत होतं. दृश्य बदलताना मध्ये बदामाच्या आकाराची चौकट येई. काळा दगड एका बदामातून उगवे आणि दुसऱ्यात मावळे. बाकी कुठला आकार त्यांच्या मशीनमध्ये नव्हता.

मी तो खाली दुकानात पाहिला. एकदाच पाहिला. बदामांना हसत होतो, तेवढ्यात पडद्यावर सोनाबाई आल्या.

सोनाबाई म्हणजे गावातल्या बौद्ध वस्तीतली म्हातारी. नागोराव तिला आजी म्हणत. अंगणात बाजेवर बसलेली, पांढरं लुगडं, हातात सूप. ती तिच्या भावाबद्दल सांगत होती. पुंजा त्याचं नाव. पाटलांच्या घरी सालाने कामाला होता. नदीपलीकडून झेंडा पाटलांनी आणला नव्हता. त्यांना पोहता येत नव्हतं. पुंजाने कमरेला बांधून आणला, भर पुरात. खांबासाठी खड्डा त्याने खणला, दोरी त्याने ओढली, आणि बंदूकवाले आले तेव्हा खांब धरून तोच उभा होता. दोघे एकाच ओट्यावर पडले. पाटलांना दहनासाठी उचलून नेलं. पुंजाला त्याच्या घरच्यांनी नेलं. पुढे दगड आला, त्यावर एक नाव आलं.

झेंडा चिखलात पडला होता. सोना तेव्हा परकरी पोर. तिने तो उचलून घरी नेला. पुंजाचं तान्हं मूल होतं घरात. थंडी आली, कापड कुठे मिळत नव्हतं. सोनाने आणि भावजयीने झेंडा फाडला आणि त्याचं अंगडं शिवलं. हिरव्या पट्ट्याची कुंची झाली. मधलं चाक लेकराच्या पाठीवर आलं. ते अंगडं त्याने फाटेस्तोवर घातलं. तो मुलगा पुढे शाळेत मास्तर झाला, पोरंबाळं झाली, आणि आता तोही नव्हता.

हे मी माझ्या शब्दांत लिहितो आहे, कारण तिचे शब्द आता नाहीत. सांगताना ती सूप हलवत राहिली होती, एवढं आठवतं. आणि कॅमेऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

स्वातंत्र्याच्या प्रतीकाचा इतका चांगला उपयोग केल्याचं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. मी तसं म्हणालो. नागोरावांनी दोन्ही डोळे उघडले. "जमलं ना, सर?" त्यांनी विचारलं. मी जमलं म्हणालो. वर जाताना जिन्यात थांबून पुन्हा म्हणालो.

मग समितीची मंडळी पाहायला आली. भाऊसाहेब पुढच्या खुर्चीत, बाकीचे बाकावर. अडीच तास कुणी हललं नाही, कारण प्रत्येकजण स्वतः यायची वाट पाहत होता. संपल्यावर भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. मोठ्याने बोलत नसत, एवढंच.

"नागोराव, हा माहितीपट हाय का पंगत?"

"कोनी सुटलं नाही पाहिजे म्हनून..."

"अर्धा तास पाहिजे. पाव्हने हैदराबादहून येऊन राह्यले. नावं काढा सगळ्यांची."

नावं निघाली. नागोरावांना ते समजण्यासारखं होतं. बदामांबद्दल समितीची काही तक्रार नव्हती. उलट एकाने ते वाढवता येतील का विचारलं.

"आन् त्या बुढीचं काढा."

"काऊन?" नागोराव म्हणाले. "तिच्या भावाचं नाव कोठंच नाही, भाऊसाहेब. थो बी तेथंच पडला."

"दगडावर नाही ते पिक्चरमंदी कसं येईन?"

"मंग दगडावर टाका."

"दगडावर टाकाले काही पुरावा पाहिजे ना. उद्या कोनीबी येईन." भाऊसाहेब उठले. "आन् झेंड्याचं आंगडं शिवलं म्हनते ती. मंग पेटीत काय हाय? पाव्हन्यांनी विचारलं तर मी सांगू का, दुकानातून आनला म्हनून?"

दारात थांबून त्यांनी खिशातून छापलेली पत्रिका काढून नागोरावांच्या हातात दिली. व्यासपीठावरच्या मान्यवरांत शेवटून दुसरं नाव होतं : माहितीपटाचे दिग्दर्शक श्री. नागोराव ढोके.

माणूस कशाला विकला जातो याचा हिशोब बाहेरून मांडू नये. नागोरावांना जिल्हाभर सगळे 'शूटिंगवाले' म्हणत. लग्नात त्यांचं पान शेवटच्या पंगतीला, बँडवाल्यांच्या बाजूला मांडत. व्यासपीठ त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं ते खालून, एका डोळ्याने. ती पत्रिका त्यांनी काउंटरच्या काचेखाली ठेवली.

मी आजींचं विचारलं, तेव्हा ते बॅटरी शोधत होते. "पुरं पिक्चर आपल्यापाशी हाय ना, सर. हे कार्यक्रमापुरतं. मंग दुसरा भाग काढू. निस्ता आजीचा. मोठा."

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात भर दुपारी झाला. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता, त्यामुळे स्वातंत्र्याबरोबर उकाडाही भरपूर होता. पाहुण्यांनी तेलुगूत भाषण केलं. निम्म्या गावाला ते कळलं नाही आणि उरलेल्या निम्म्याने ऐकलं नाही. शाली झाल्या, नारळ झाले. नागोरावांना शाल मिळाली तेव्हा त्यांचा सवयीने हात डोळ्याशी गेला. आपला फोटो आपण काढत नाही आहोत हे ध्यानात यायला त्यांना वेळ लागला.

सोनाआजी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसल्या होत्या. इस्त्रीचं पांढरं लुगडं, केसांना तेल. पुंजाच्या त्या मास्तर मुलाच्या सुनेने त्यांना आणलं होतं. माहितीपट सुरू झाला, नदी आली, ओटा आला, काचेतला झेंडा बदामातून आला, टाळ्या पडल्या. घोगरा आवाजही मिळवला होता कुठून तरी. शेवटी झेंडा फडकला आणि संपलं. पाहुणे उठून म्हणाले, "चाला बागुंदि," म्हणजे फार छान, आणि सगळे जेवायला निघाले.

आजी उठल्या नाहीत. सून हात धरून उठवत होती, तर त्यांनी हात सोडवला. मी मागच्या भिंतीशी होतो. नागोराव शाल सावरत व्यासपीठावरून उतरले आणि त्यांच्यापुढे उकिडवे बसले.

"संपलं का, बापा?" आजींनी विचारलं. "आमचा पुंजा मांगून येते का?"

"दुसऱ्या भागात हाय, आजी."

"हो का?" त्यांनी पदर नीट केला. "मंग थांबतो."

"आज नाही. मी तुमच्या घरी घेऊन येतो. टीव्हीवर दाखवतो."

"मंग ठीक," आजी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. नागोरावांनी त्यांच्यासाठी पान वाढून आणलं आणि आम्ही न जेवताच शेवटच्या बसने निघालो. बेल्यापर्यंत ते शाल मांडीवर घेऊन बसले होते. अंगावर घ्यायची का घडी करायची, हे त्यांचं ठरत नव्हतं.

मग लग्नसराई लागली. ती लागली की नागोराव दोन महिने माणसांत नसत. बेला, तामसी, उटनूर, एकदा तर बेल्लमपल्लीला खाणकामगारांच्या क्वार्टरांत तीन लग्नं एका मांडवात. त्या दिवसांत शूटिंग छोट्या कॅसेटींवर होई आणि सराईत त्या कुठेच मिळत नसत. सगळे शूटिंगवाले एकच करत. जुनी लग्नं घरोघरी सीडीवर पोचलेली असत, मग त्याच कॅसेटींवर नवी लग्नं घेत. कॅसेटीवरचं नाव नागोराव पेन्सिलीने लिहीत, खोडता यावं म्हणून. कॉम्प्युटरची जागा भरली, तेव्हा त्यांनी अडीच तासांचा माहितीपट पुसून टाकला. मूळ कॅसेटी होत्याच.

सराई संपली. टाकळखेडहून बसवाल्यांच्या हाती निरोप येत होते. आजी विचारत होत्या, दुसरा भाग झाला का. एके सकाळी नागोरावांनी कपाट उघडलं आणि आजींची कॅसेट मशीनमध्ये घातली. मी वर दाढी करत होतो. बराच वेळ खालून सनईचा आवाज येत राहिला. मला वाटलं, काम चाललंय.

खाली गेलो तर पडद्यावर कुणा कारकुनाची हळद चालू होती. नागोराव खुर्चीत बसून ती पाहत होते. बायका कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या.

"पेन्सिल खोडली मी," ते म्हणाले. "माह्याच हातानं खोडली, सर."

पुन्हा शूटिंग करा, असं मीच सुचवलं. दुसरं काय सुचवणार. ते कॅमेरा घेऊन निघाले, मीही सोबत गेलो. आजी बाजेवर होत्या, जरा वाळल्या होत्या. नागोरावांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आजी, थोडंसं राह्यलं होतं. पुंजाभाऊचं पुन्हा एकदा सांगान का?"

"काऊन? सांगतलं ना तवा."

"आवाज जरा बारीक आला होता."

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "बापा, एवढ्या वर्षांत कोनाले नाही सांगतलं. तू पोरावानी बसला पुढं, म्हनून सांगतलं. आता थे पुन्हा नाही निंगत." मग म्हणाल्या, "बारीक असन तर असू दे. दाखव तू. मी कान देऊन आयकतो."

नागोरावांनी सांगायला तोंड उघडलं, हे मी पाहिलं. ते मिटलं, हेही पाहिलं. "मशीन बिघडलं हाय, आजी," ते म्हणाले. "दुरुस्त झालं की आनतो."

अंगणातून निघताना ते तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत आले. कॅमेरा पिशवीत होता. कुंपणाच्या काट्यांत त्यांची सफारी अडकली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

आजी त्या पावसाळ्यात गेल्या. निरोप बसवाल्याकडूनच आला. नागोराव मातीला गेले आणि मागे उभे राहिले. सुनेने त्यांना सांगितलं, की शेवटी शेवटी आजी शेजारणींना म्हणत होत्या, पुंजाचं नाव आता पिक्चरमध्ये आहे, फक्त मशीन दुरुस्त व्हायचं आहे.

माहितीपटाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. सीड्यांचा खोका मला आणून दिला. तो अजून माझ्याकडे आहे. मी त्यातलं काही पाहत नाही. भाऊसाहेबांकडे मात्र ते दर वर्षी झेंड्याच्या आधी जात आणि दगडावर एक नाव वाढवायची दरखास्त तोंडी करत. भाऊसाहेब चहा पाजत आणि पुराव्याचं विचारत. "होता," असं नागोराव म्हणत आणि परत येत. दगड आहे तसाच आहे.

त्या पुढच्या सराईपासून लग्नांच्या फितींत आशीर्वादाच्या ढगांमागून शेवटची पणती येऊ लागली. मला ते फार उशिरा कळलं, कारण लग्नाच्या फिती मी होता होईतो चुकवतो. विचारलं तर म्हणाले, "नवरीकडच्याले वाटते नवऱ्याकडचा, नवऱ्याकडच्याले वाटते नवरीकडचा. कोनी काढत नाही." आणि म्हणाले, "काढलं बी नाही पाहिजे. सगळ्यांकडचाच होता ना थो."



नागोरावांना मी शेवटचं पाहिलं ते एका दुपारी, दुकानात. छातीचं दुखणं सुरू झालं होतं, काम मुलाकडे गेलं होतं. मी तोवर दुसरीकडे राहायला गेलो होतो. सहज डोकावलो. ते जुनं मशीन काढून बसले होते. "बसा, सर. एक दाखवतो," म्हणाले.

तेच कारकुनाचं लग्न होतं. त्यांनी पुढे सारलं. हळद गेली, अक्षता गेल्या, नवरी रडत रिक्षात बसली. लग्न लहान होतं, कॅसेट त्याहून थोडी लांब निघाली होती. चित्र हललं, पट्टे आले, आणि एकदम टाकळखेडचं अंगण आलं. बाजेवर सोनाआजी. सूप बाजूला ठेवलेलं. सांगून झालं होतं.

"झालं का?" आजींनी विचारलं.

"झालं, आजी." कॅमेऱ्यामागून नागोरावांचा आवाज, बराच तरुण.

"नाव आलं का त्याचं?"

"आलं, आजी. आता कोठं जाते."

"मंग चहा घे."

चित्र कलंडलं. जमीन दिसली, एक कोंबडी, नागोरावांच्या चपला. मग निळा पडदा.

त्यांनी फीत मागे घेतली आणि आजींचा चेहरा आला तिथे थांबवली. खुर्ची पुढे ओढून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, ते जवळून पाहू लागले.

"पहा, सर," ते म्हणाले. "कॅमेऱ्याकडं नाही पाह्यत ती. माह्याकडं पाह्यते."

मी निघालो तेव्हा त्यांनी ती पुन्हा सुरू केली होती. पायरी उतरेपर्यंत मागून आवाज येत होता : आलं, आजी.